प्रयोग क्रमांक सात : लेव्हल कंट्रोल

जालन्याच्या पॉलिटेक्निकात, तळमजल्यावर,
दोन पारदर्शक टाक्या, एक पंप, एक पीएलसी.
टाकीतलं पाणी दिवाळीपासून तेच.
दस्तगीरमामा शनिवारी ते फडक्यातून गाळतात,
तुरटी फिरवतात,
कुलूप लावून किल्ली खिशात.

शिराळे मॅडम म्हणाल्या, सेटपॉइंट साठ टक्के.
मी लॅडर लिहिली.
ही शिडी वरून खाली उतरायची,
प्रत्येक पायरीवर एखादी अट,
शेवटी एक कॉइल.

गेन जरा जास्तच पडला.
साठ, अडुसष्ट, एक्याऐंशी,
ग्राफ दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखा,
आणि काठावरून पहिली धार.

लाल बटण हाताशीच होतं.
आम्रपालीचा हात मात्र
टेबलाखालच्या बादलीकडे गेला.
तिच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतो,
तोही रात्री कधीतरी.

मॅडमनी पंप बंद केला तेव्हा
बादलीत दीड लिटर, फरशी कोरडी.
"आधी इमर्जन्सी स्टॉप,
बाकी सगळं नंतर."
तिच्या जर्नलवर लाल शाईत तसं लिहिलंसुद्धा.
मग बादलीत डोकावल्या, बराच वेळ.
"गेन अर्धा करा. परत घ्या."

मामा फडकं घेऊन
आधीच उभे होते.