अंगठ्यावर पिवळं

रविवार पेठेतलं दुकान सोमवारी बंद.
घड्याळाची काच खिशात टाकली
आणि नसरीन पिंजारीच्या स्कूटीवर मागं बसलो.
दिवेघाट चढून, सासवडच्या अलीकडे,
जिथं सातबाऱ्यावर लिहिलंय पोटखराबा
आणि मेंढ्या घेऊन आलेला म्हातारा म्हणाला
हा पवना, ही कुसळी, तो मारवेल,
खराबा कुठाय?

उंटकटारी गुडघ्याएवढी.
निळसर चेंडू, चहूकडून काटे.
"काका, हा."
तिनं चिमटीत धरला
आणि तो मेला.
म्हणजे पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडला.
माझी काही गिऱ्हाइकं बिल दाखवलं की
असंच करतात.

डोळ्याला काच लावली.
चाळीस वर्षं हिच्यातून
केसाएवढ्या स्प्रिंगा बघितल्या,
सोंड नव्हती बघितली कधी.
तांदळातल्या सोंड्याचा भाऊबंद, नसरीन म्हणाली,
पण याला दाणा नको, हेच फूल हवं,
याची मादी त्यातच अंडं घालते.

मी सांगत गेलो, ती वहीत लिहीत गेली.
मिशा?
सोंडेतून फुटतात, कोपरात मुडपतात.
सोंड?
जाड. थोडी वाकडी. माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखी.
ते नको, काका.
पाठ?
रेघा. रेघांत टोचल्यासारखे ठिपके.
पिवळी भुकटी?
नाही. काळा. पॉलिश केलेल्या बुटासारखा काळा.

ती थांबली.
भुकटी नसेल तर पान दुसरं,
नाव दुसरं,
अख्खी सकाळ दुसऱ्याच कुणाची.

पेन्सिल फिरवत बसली होती,
तेव्हा उन्हात तिचा अंगठा दिसला.
हळद चाखून पुसायचा राहिल्यासारखा.

हात बघू, म्हटलं.

आम्ही दोघं बराच वेळ
त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.
मग तिनं लिहिलं:
भुकटी आहे. (माझ्यावर.)

तेवढ्यात मेलेला उठला,
तिच्या नखाच्या टोकापर्यंत चालला,
पुढं काही नाही म्हणून जरा थबकला,
आणि गवतात पडला.
शोधला नाही.

नावाच्या रकान्यात तिनं "बहुधा" लिहिलं
आणि पुढं लांबलचक काहीतरी, मला न वाचता येणारं.
मला ते "बहुधा" पटलं.
माझ्या दुकानातही एक पाकीट आहे,
सहा वर्षांपासून न्यायला कुणी आलं नाही,
त्याच्यावर माझ्याच अक्षरात:
चालू आहे. कसं, कळलं नाही.