ऋणाग्र

कुरेस्सारेला मार्चमध्येही खाडी गोठलेलीच असते,
तरी हिल्लारने शेडची खिडकी सताड उघडली.
"हायड्रोजनला थंडी वाजत नाही," म्हणाला,
"पण कोंडलेलं त्याला खपत नाही. मलाही."

मी बाबांचे स्केट्स नेले होते,
पात्यांवर गंजाचे पोपडे,
आणि ड्रिलमधून उपसलेली लिथियमची बॅटरी.
ती त्याने तळहातावर जोखली,
टोकांना चिकटपट्टी लावली,
परत माझ्याच हातात दिली.
"हिला थांबणं कळत नाही."
तीस वर्षं जहाजांच्या पोटात वायरी ओढलेला माणूस,
डावी भुवई नाही.
कशी गेली ते मी विचारलं नाही.

मग टॉर्चमधले चार सेल,
चार्ज होणारे, बुटके, गरीब,
ओळीत बसवले.
वाटेत काचेचा फ्यूज,
मोडक्या काडेपेटीच्या काडीएवढा.
बादलीत धुण्याचा सोडा, मूठभरही नाही.
मी मिठाची बरणी उचलली तर
हातावर चापट: "क्लोरीन हवाय का घरात?"
स्टीलचा चमचाही नको म्हणाला,
त्यातून विष सुटतं पिवळं.
जुनी लोखंडी पट्टी मात्र चालेल.

"लाल वायर पट्टीला. काळी स्केटला.
वाचवायचं ते ऋणाला जोडायचं.
धनाचं टोक झिजतं."

बाबा तुर्कूला. दर महिन्याला पैसे येतात.

बुडबुडे आले, इतके बारीक
की पाणी कुजबुजतंय वाटावं.
मला घाई. पातं जरा आत सरकवलं,
पट्टीला टेकलं,
टिक.

बस्, एवढंच. धूर नाही, ठिणगी नाही,
काचेच्या नळीत तार तुटलेली,
आणि माझे कान तापलेले.
हिल्लारने खिशातून दुसरा फ्यूज काढला,
जणू तो या क्षणासाठीच शिवलेला खिसा होता.
"याला दोन सेंट पडतात," म्हणाला. "शेडला जास्त."

जेवायला जाताना त्याने वायरी सोडवल्या.
झोपलेल्या घरात काही चालू ठेवायचं नाही,
हा नियम त्याने सांगितलाही नाही,
नुसता पाळला.

तिसऱ्या दिवशी ब्रशखाली गंज चिखलासारखा गळाला.
पातं चकाकलं नाही, काळंच निघालं.
पट्टी मात्र कडांनी कुरतडलेली,
सोड्याच्या पाण्यात तपकिरी, ओळखू न येणारी.

दोन जाड मोज्यांवर घातले तरी
स्केट्स मला मोठेच होतात.