तिवरकोंडी

ठराव क्रमांक सात, सर्वानुमते मंजूर:
टाकीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलण्यात यावा.
सूचक बी विंगचे तांडेल, अनुमोदक कोण ते आठवत नाही,
आणि काम माझ्या गळ्यात. मी खजिनदार,
शिवाय मला टायपिंग येतं.

घणसोली, जिन्याखालची पंपखोली.
कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पट्टी,
झाकणाला भोकं पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात,
एक लाल दिवा, एक हिरवा,
आणि वरच्या टाकीत पाणी किती
याची न थकता मोजदाद.
मोरेश्वर घरतांनी बसवला होता,
कारखाना सुटल्यावर बसून करायचं काय म्हणून.
चष्म्याला दोरा, सोल्डरच्या धुराने पाणावलेले डोळे.
"मॅडम, एवढासा जीव, पण रात्रभर जागा असतो."

पौषात घरत गेले.
तोवर पासवर्ड वॉचमनला ठाऊक,
केबलवाल्याच्या पोराला ठाऊक,
तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना तर तोंडपाठ,
आणि परवा रात्री दोनला कुणीतरी पंप चालू करून झोपलं.
गच्चीवरून धो धो, थेट रेग्यांच्या गाडीवर.
सकाळी नळाला फक्त हवा.

स्टूल ओढलं. कीबोर्ड जोडला.
यंत्र आधी जुनाच शब्द मागतं.
सोडायचंय ना, मग काय सोडताय ते नीट सांगा.
इतकं रीतसर आमच्याकडे कुणी वागत नाही,
मीही नाही.

लिहिलं: तिवरकोंडी.
इंग्रजी अक्षरांत, सलग, पुढे एकशे अठरा.

एकदा विचारलं होतं, घरत, हे काय हो?
म्हणाले, शेताचं नाव. आणि सर्व्हे नंबर.
कुठे आहे शेत?
त्यांनी चपलेच्या टाचेने फरशीवर दोनदा ठोकलं.
"हे काय. पंप आहे ना, तिथे बांध होता.
उधाणाला खाडी आत शिरायची.
आजा कंदील घेऊन रात्रभर बसायचा,
पाणी कुठवर आलं बघत."

साडेबारा टक्क्यांच्या फाइलीत
तेवढा एकशे अठरा होता.
नाव लिहायला रकाना नव्हता.
ते त्यांनी इथे ठेवून दिलं, डब्यात,
आणि आम्ही बावीस बिऱ्हाडं
कुठली कोण, कोकणातली, देशावरची, एक तर थेट गुलबर्ग्याचं,
वर्षानुवर्षं ते टाइप करत राहिलो,
स्पेलिंग चुकवत, वैतागत,
पाण्यासाठी.

टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही.
ठिपका नाही, चांदणी नाही.
बोटं चालतात, काळं ते काळंच,
अंधारात सुईत दोरा ओवल्यासारखं,
ओवला गेला की नाही ते मागाहून कळतं.

ओवला गेला.
आता नवा द्या.

मी तिवरकोंडीच दिलं, आकडा तेवढा बदलून.
यंत्र म्हणालं, जुन्याशी फार मिळताजुळता.
दोन अक्षरं मागेपुढे केली. ओळखलं.
नुसतं तिवर घेऊन पाहिलं, लांबी कमी पडली.
डास चावत होते, वर कुणीतरी मिक्सर लावला होता,
आणि मी एका मेलेल्या माणसाच्या वतीने
पत्त्यांच्या कॅटशी हुज्जत घालत होते.

शेवटी असा शब्द दिला
ज्याचा खाडीशी, भाताशी, घरतांशी
लांबचाही संबंध नाही.
दोनदा दिला, दोन्ही वेळा काळ्यात.
मान्य झालं.

तो इथे लिहीत नाही. ठरावात तशी अट आहे.

मग म्हटलं, एकदा बाहेर पडून परत आत शिरून बघावं.
यंत्राने विचारलं. मी तांडेलांचा फोन उचलला,
हो हो, झालंच, म्हणाले,
आणि दुसऱ्या हाताची बोटं आपली आपण
जुन्या बांधावरून चालत गेली.

चूक, म्हणालं यंत्र. पुन्हा लिहा.

हिरवा दिवा लुकलुकत होता.
वर पाणी चढत होतं, बासष्ट, त्रेसष्ट.