निरंक

तहसीलातून आलेल्या दोन लोखंडी खुंट्या,
एक तड्याच्या अलीकडे, एक पलीकडे.
मध्ये नुसती हवा.
ती हवा मी रोज सकाळी साडेसहाला मोजते,
शिंप्याच्या नव्हे, स्टीलच्या टेपने.

चारशे बारा मिलिमीटर.
काल चारशे बारा. परवाही.
शेरा : निरंक.
फोटो ग्रुपवर टाकते, तालुक्याहून एक अंगठा येतो.

बाबाही कोतवाल होते.
त्यांची दवंडी ठरलेल्या गोष्टींची :
लिलाव, लस, शेतसारा.
माझ्या वाट्याला न ठरलेलं आलं.
खाली एकतीस घरं, त्याखाली दाभोळची खाडी,
वर सडा, आणि सड्याच्या कडेला
हे एवढंसं उघडं तोंड,
ज्याच्या काठावर श्रावणात निळी फुलंसुद्धा येतात.

भूगर्भवाली मॅडम आली होती, शर्वाणी नावाची.
जांभ्याखालच्या काळवथरावर तळवा टेकून म्हणाली,
हा एकदा वाहत होता, उतू गेलेल्या दुधासारखा.
मी विचारलं, तेव्हा नोंद कोण ठेवायचं?
ती हसली. मग सांगत बसली
उत्तरेकडच्या एका गार देशाचं,
जिथे डोंगर अजून धुमसतात
आणि त्यांच्या पोटाला कान लावून यंत्रं बसलेली असतात,
पोट दुखायच्या आत गावभर फोन वाजतात.
"आणि इथे?"
"इथे तुम्ही आहात."
जाताना तिने मला एक विजेरी दिली.

त्या रात्री पर्जन्यमापकात दोनशे चौदा.
तिन्हीसांजेला तडा चारशे एकोणीस,
साडेदहाला, तोंडात विजेरी धरून, चारशे एकतीस.
पुन्हा मोजलं. चारशे एकतीस.
तालुका संपर्कक्षेत्राच्या बाहेर.
मग मी शाळेचा टोल हाणला,
हाणतच राहिले,
परवानगी कोणाची घ्यायची ते आठवेना.

निघाली माणसं. शिव्या देत, पण निघाली.
हमीदा परकार सासूला पाठीवर घेऊन,
तानू गोणबरे डोळे न लिहिलेले चार गणपती
प्लास्टिकात गुंडाळून,
अनुसया रांजाणे गाय सोडून, मागे बघत बघत.

तीन रात्री आम्ही खाडीपलीकडच्या शाळेत.
चौथ्या दिवशी ऊन पडलं.
डोंगर होता तिथेच होता,
काही न झाल्यासारखा. काही झालंच नव्हतं.

गाईची कास दगड झाली होती.
हमीदाची सुकट सडली.
दोन गणपतींचे कान गेले.
तानू म्हणाला, कोतवालीणबाई,
पुढल्या खेपेला आधी डोंगर पडू दे,
मग टोल वाजव.
सगळे हसले. मीही हसले,
हसण्यात मागे राहिलं की दिसतं.

आता हे कुठल्या रकान्यात लिहू :
त्या रात्री अंथरुणात मी डोंगराला म्हणाले,
पड.
थोडासा पड. कुणाच्या अंगावर नको,
गोठ्यामागच्या त्या फणसावर पड,
तो तसाही वांझ आहे.
पहाटे जाग आली तेव्हा
छातीवर हात होता आणि कान बाहेर,
आणि बाहेर फक्त खाडीची ओहोटी.

साडेसहाला वर गेले.
टेप लावताना हात जरा थांबला,
आजाऱ्याविषयी वाईट बोलून
त्याच्याच उशाशी बसावं तसं.
चारशे एकतीस.
कालच्यापेक्षा फरक : शून्य.
एकोणीस मिलिमीटर मात्र उघडेच,
मिटायचं नाव नाही, वाढायचंही नाही.
माझ्या करंगळीचं टोक बसतं त्यात.

तेवढ्यातून एक खेकडा बाहेर आला,
माझ्याकडे बघून तिरपा चालू लागला,
खुंटीला अडला, वळसा घालून गेला.

शेऱ्याच्या जागी खेकडा लिहिता येत नाही.
लिहिलं : निरंक.
फोटो टाकला. अंगठ्याची वाट न बघता
खाली उतरले,
अनुसयेकडे, कास शेकायला.