सलग

तलाठी म्हणाला, बाई, इथं 'सलग' लिहिलंय बघा.
पंधरा वर्षं, सलग.
मी म्हटलं, माझ्याकडं एकतीस आहेत,
फक्त ती सलालाची आहेत.
तो हसला नाही. वरचा पंखाही नुसताच होता.

जुना जालना. चिंचेखाली स्टॅम्पवाल्याचं टेबल.
मी, करुणा शांतवन पारधे, वय त्रेसष्ट, धंदा...
इथं त्याचं बोट थांबलं. घरकाम टाकू?
नर्स टाका.
आता तर नाही ना तुम्ही.
तरी टाका.

रेशनकार्डावर भावानं मला कधीच कमी केलं होतं.
लाल शाईची सरळ रेघ, पुढं शेरा: बाहेरगावी.
रागानं नाही, साखरेच्या हिशेबानं.
बाहेरगावी. जसं काही मी संध्याकाळच्या एसटीनं
अंबडला गेले होते.

तिकडं दर दोन वर्षांनी नवं कार्ड मिळायचं.
त्यावरही 'निवासी' असायचं, आणि खाली
संपायची तारीख.
तारीख नसलेला कागद हवा होता मला.

पुरावा काय देऊ?
लाइटबिल भाचीच्या नावावर.
शाळेचा दाखला आहे, शाळा नाही,
तिथं आता सळयांचं गोदाम.
रात्रपाळीत परक्यांची लेकरं मी याच बोलीत गप करायचे,
उगी उगी, कामून रडायलास,
आणि ती गप व्हायची.
याची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडेल?

दोन साक्षीदार आणा मग. जुने, ओळखणारे.
जुने गेले.
उरलेत ते विचारतात, तुम्ही कोणाच्या कोण?

तेवढ्यात भिकन कोतवाल चहा घेऊन आला.
ग्लास ठेवायचा विसरून बघत राहिला माझ्याकडं,
मग मान वर करून हनुवटी दाखवली.
तीन टाके, वाकडे.
'मिशनच्या दवाखान्यात, सिस्टर. विहिरीत पडलो होतो तव्हा.
भुलीचं औषध संपलेलं, आन् तुम्ही म्हणलाव,
वरड, पण हलू नको.'

मला आठवलं नाही. खरंच नाही.
केवढ्या हनुवट्या शिवल्या त्या वर्षांत.
पण टाका माझाच होता. पहिली गाठ डावीकडं;
मेट्रन त्यावरून बोलायची.
तलाठ्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
वाकून पाहिलं, शिक्का बघतात तसं.

दुसरा साक्षीदार भिकननं पानटपरीवरून आणला.
त्यानं मला जन्मात पाहिलं नव्हतं.
सही मात्र फार सुंदर केली.

एकविसाव्या दिवशी दाखला मिळाला.
नावात 'करूना'. वास्तव्य: कायम.
आधी पर्समध्ये ठेवला, मग बायबलात,
मग गादीखाली, मग पुन्हा पर्समध्ये.

त्याच रात्री अडीचला दार वाजलं.
शेजारची नसरीन, हातात टॉर्च.
'मावशी, नळ आलाय ना! झोपलाव काय?
आता गेला की नवव्या दिवशीच.'
बादल्या लावल्या, पातेली लावली, चहाची किटली,
शेवटी सलालाहून आणलेला थर्मास.
पाणी जरा गढूळच.

मग ओल्या हातानं कॅलेंडरवर नऊ घरं मोजली
आणि नवव्याला गोल केला.