मधली फळी

सतरा वर्षांत अकरा गोल,
हे क्लबच्या कागदावर लिहिलेलं.
पाय मात्र दुसरंच काही सांगतात.
मी पाय वाचतो. करावे गावचा पदाजी तांडेल,
नेरुळच्या मैदानामागं पत्र्याची खोली,
एक पंखा, एक बाकडं, मासळीच्या पेटीत बर्फ.

तो आला तेव्हा छत्तीस वर्षांचा.
रबीह शिदियाक. पोरांनी दुसऱ्याच दिवशी रवी केला.
गाव लेबनॉनात, समुद्राला लागून, नाव सूर.
मी म्हटलं, आमच्यात सूर लावतात.
तो हसला, कळलं नसताना हसतात तसा.

डाव्या घोट्याचं हाड वाकडं सांधलेलं:
हे पहिल्या क्लबाचं, वय एकोणीस.
उजव्या मांडीत गाठ, सुपारीएवढी:
हे नंतरचं. त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही म्हणे,
मैदानात माणसं तंबू ठोकून राहिलेली,
आणि हा रोज संध्याकाळी
तंबूंच्या दोऱ्यांमधून चेंडू नेत राहिला
एकही दोरी न हलवता.
गुडघ्याखाली खरवडल्याची पांढरी पट्टी: आखात, नकली गवत.
देशाचा शर्ट चाळीस वेळा,
त्यातला शेवटचा नुसता बाकावर बसून घामेजला.
पायाच्या करंगळीला नख नाही.
त्याचं कारण त्यालाही आठवत नाही.

तेल त्याचं स्वतःचं. ऑलिव्हचं, आईनं भरून दिलेलं,
पाण्याच्या बाटलीत, बुचावर प्लास्टिक बांधून.
आमचं खोबरेल त्याला चालत नसे.

चोळताना भिंतीकडं तोंड करून विचारायचा, अद्देश बाई?
मला वाटलं घरच्या बाईची आठवण काढतोय,
मी विषय वाढवला नाही.
महिन्यानं उलगडलं: किती बाकी?
त्याच्या गावात मधला क गिळतात.
म्हणजे बाकी ती आपलीच बाकी.
खलासही आपलंच निघालं.
दोन शब्दांवर आमचा आख्खा हंगाम गेला.

खेळताना तो दिसायचाच नाही.
ओळखलं ते माझ्या बापानं. ऐंशीचा म्हातारा,
जन्मभर होड्या बांधल्या, फुटबॉल कधी पाहिला नव्हता.
एका रविवारी गेटपाशी त्याला खुर्ची टाकून दिली.
सगळे चेंडूकडं बघत होते.
बाप म्हणाला, त्यो टकल्या बग.
चेंडू याच्याकडं यायच्या आधीच
तो पुढं कुठं जाणार, हा ठरवून मोकळा.
खेळतो कुठं?
मी म्हटलं, मधल्या फळीत.
बाप बराच वेळ गप्प. मग बोलला,
हार नाळेला घालतात, झेंडा डोलकाठीला.
मधली फळी पाण्यात.
पण राळ तिलाच जास्त पाजावी लागते.

शेवटचा सामना मे महिन्यात, दुपारी चारला.
प्रेक्षक दोनशे, कुल्फीवाला धरून.
एकाहत्तराव्या मिनिटाला पाटी वर झाली, सहा नंबर.
तो रेषेकडं चालत आला, धावला नाही.
वाटेत एका पोराला
बुटाची सुटलेली नाडी बोटानं दाखवली,
पोरगं वाकलं, हा पुढं आला.
टाळ्या वाजल्या त्या आत जाणाऱ्यासाठी.
मी बर्फ लावला.
त्यानं विचारलं नाही किती बाकी.
मी घड्याळ बघितलं, एकोणीस मिनिटं,
आणि मीही सांगितलं नाही.

विमानतळाच्या गाडीत बसताना
बाटली माझ्या हातात दिली.
म्हणाला, खलास.
मी ती उजेडात धरली, अर्धी होती.

बायकोनं वास घेतला, नाक मुरडलं,
आणि रात्री त्यातच मांदेली तळली.
बापानं रोजच्यापेक्षा दोन जास्त खाल्ली,
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले
आणि हात धुता धुता विचारलं,
पोचला का रं टकल्या?