शिफ्ट दाबून येणारी अक्षरं

अधिवेशनाचे दिवस. सगळे रिपोर्टर विधानभवनावर,
म्हणून पाहुणी माझ्या वाट्याला आली.
रणमाया चेम्जोङ, धनकुटा, पूर्व नेपाळ.
दोन देश, बारा पत्रकार, तीन आठवडे.
कोणाला दिल्ली मिळाली, कोणाला मुंबई,
हिला नागपूर, आणि नागपुरात
निधनवार्तेचं माझं टेबल, संडासाच्या दारापाशी.
संपादक म्हणाले, "शिकवा बाप्पा काही."

काय शिकवू? माझ्या पानावर
माणूस मेल्याशिवाय जागा मिळत नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिनं कालचं पान उचललं
आणि मोठ्यानं वाचायला लागली.
लिपी एकच. अर्थ अर्धामुर्धा.
अंत्यसंस्कार समजला, घाट समजला,
आप्तपरिवारापाशी जराशी अडखळली,
पण पत्नी, सुना, नातवंडं अशी
अनोळखी घरात चपला काढून शिरावं तशी
पुढे पुढे जात राहिली.
मग एका नावावर बोट.
"यो कुन अक्षर हो?"

पन्नास वर्षं माझ्या तोंडात आहे ते.
असं कोणी विचारलं नव्हतं.
जीभ मागे वळवून दाखवली: बाळ. केळी. डोळे. शाळा.
ती म्हणे बाल. केली. डोले.
चहावाला पोऱ्या हसून हसून कपबश्या हिंदकळवून राहिला.
दिवसभर हापिसात तिनं एकच प्रश्न ऐकला होता,
"कळलं का?"
आता मान हलवून म्हणाली, "कललं."

साडेनऊला फोन आला, गोळीबार चौकातून.
ती म्हणाली, मी लिहिते.
मी स्पीकर लावला, पेन दिलं.
"वडील गेले जी. अठ्ठ्याहत्तर. विणकर लिहा.
रिटायर लिहू नका भाऊ, त्याईले कोणं रिटायर केलंच नाही,
माग बंद पडला."
तिनं कागद पुढे केला: तुलसीराम कालबांडे.
मी दोन्ही ल खोडले. वर दोन ळ काढले,
वळणदार, जरा मोठेच.
म्हटलं, हे चुकलं तर उद्या सकाळी
दुसराच कोणी मरतो.

ती हसली नाही.
कागदाच्या कडेला तिनं एक अक्षर काढलं. ङ.
आमच्या अंकलिपीत त्याच्या चौकटीत चित्र नसतं,
मास्तर म्हणायचे, याला सोडा.
वाङ्मयात तेवढं येतं, तेही पाय मोडून.
तिच्याकडे ते धडधाकट आहे:
नखात आहे, शिंगात आहे, रंगात आहे,
आडनावाच्या शेवटी आहे.
लढाईच्या वर्षांत तिच्या काकाला घरातून नेलं.
बेपत्तांच्या यादीत कोणीतरी टाईप केलं, चेम्जोंग.
नागरिकतेच्या कागदावर चेम्जोङ.
खिडकीतला बाबू म्हणाला, ही माणसं दोन आहेत,
तुमचा कोणता?
काकू अकरा वर्षं त्या खिडकीपाशी.
हे तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं,
संत्र्याची साल एकसंध सोलत सोलत.
मी पान सोडलं. त्या रात्री
दोनदा वाचून सोडलं.

ती गेल्यावर फॉर्म आला:
या आदानप्रदानातून काय साध्य झालं?
मी लिहिलं, कार्यसंस्कृतीची ओळख, वगैरे.
अकाउंट्सनं तिच्या गेस्टहाऊसचं बिल पाठवलं,
चेमजोंग मॅडम.
तीन वेळा परत केलं. खालून निरोप आला,
निधनवाल्यांना कामं नाहीत.
की-बोर्डवर तेव्हाच पाहिलं,
ल च्या पोटात ळ आहे, ह च्या पोटात ङ,
आणि शिफ्ट दाबल्याशिवाय
दोन्ही बाहेर येत नाहीत.

परवा तिनं तिच्या पेपरचं कात्रण पाठवलं.
नागपूरवरचा लेख. उड्डाणपूल नाही, मेट्रो नाही.
दुसऱ्या परिच्छेदात, डोंगरातल्या त्या गावात,
तुळशीराम काळबांडे. दोन्ही ळ जागेवर.
खाली तिनं लिहिलंय, सकाळपासून
चार वाचकांचे फोन आले, छपाईत चूक आहे म्हणून.
तिनं सांगितलं, चूक नाही.
कोष्टी होता. असंच लिहितात त्याला.